सगळ्यांना दिलेला होकार

गुढीला कुठल्या रंगाचा खण लावायचा यावर पाडव्याच्या सकाळी इंग्लंडमधल्या पिनरच्या त्या घरात जेवढी चर्चा झाली, तेवढी राजीवच्या लग्नाच्या वेळीही झाली नव्हती.

एरवी हा प्रश्नच नसायचा. कपाटातून हाताला येईल तो खण सुनीती काढायची, पडद्याच्या जुन्या लाकडी दांड्याला बांधायची, वर तांब्या पालथा घालायची आणि दांडा बेडरूमच्या खिडकीतून बाहेर काढून दोरीने आवळायची. कडुनिंब वेम्बलीहून वाळका आणलेला. आंब्याच्या डहाळीच्या जागी मागच्या अंगणातलं तमालपत्र. गाठी पुण्याहून बहिणीने पाठवलेल्या, येताना विमानात निम्म्या फुटलेल्या. एवढ्या सामानावर त्यांच्याकडे चैत्र सुरू व्हायचा आणि कुणाची तक्रार नसायची. पण ब्याण्णवचा पाडवा शनिवारी आला आणि लगेच पुढच्या गुरुवारी निवडणूक. रस्त्यातल्या खिडक्याखिडक्यांत रंगीत कागद चिकटले होते, पुढच्या बागांमधून गुलाबांच्या आधी पाट्या उगवल्या होत्या.

"लाल नको," चंद्रशेखर जिन्याखालून म्हणाले. हातात चहाचा मग, अंगात घरातला जुना कार्डिगन. हॉस्पिटलात म्हाताऱ्या पेशंटांशी ज्या आवाजात बोलत तोच आवाज, ठाम आणि जरा मोठा.

"अहो, सणाला लाल तर शुभ असतो."

"पुण्यात असेल. इथं गुरुवारपर्यंत लाल म्हणजे लेबर. समोरचा मायकेल बघेल आणि म्हणेल, डॉक्टर फिरला."

"मग निळा काढू?"

चंद्रशेखरांचा चेहरा एकदम उजळला. तो उजळलेला चेहरा बघून सुनीतीच्या ध्यानात आलं की दुपारी राजीव येणार आहे, आणि गेटात पाऊल टाकल्या टाकल्या त्याला खिडकीत बाबांच्या पक्षाचा निळा रंग फडकताना दिसणार आहे.

"नको बाई, निळ्याला तुपाचा डाग पडलाय," ती म्हणाली. डागबिग काही नव्हता.

शेवटी पिवळा निघाला. हळदीचा रंग, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिसऱ्या पक्षाची आठवण दोघांपैकी कुणालाच झाली नाही. त्यात त्यांची तरी काय चूक? त्या देशात तिसऱ्या पक्षाची आठवण फारशी कुणालाच होत नसे.

खण बांधताना सुनीतीच्या मनात एकच गोष्ट होती. आज बापलेकांनी एकमेकांशी बोलावं. तिच्यामार्फत नव्हे, थेट.

पाच वर्षं झाली होती या अबोल्याला. सत्त्याऐंशीच्या जूनमध्ये निवडणुकीचा निकाल लागला, त्या संध्याकाळी चहाच्या टेबलावर चंद्रशेखर हसत हसत म्हणाले होते, "झाली ना वणवण? आता जरा नोकरीचं बघ." राजीव तीन आठवडे लेबरसाठी दारं ठोठावून आला होता, पायाला फोड आले होते. तो म्हणाला, "बाबा, स्वतः आत आल्यावर मागच्याच्या तोंडावर दार लावून घेणारी माणसं तुम्ही." चंद्रशेखर म्हणाले, "ज्या घरात जेवतोस ना, ते त्याच माणसाचं आहे." झालं. राजीवने दोन बॅगा भरल्या आणि हाउन्सलोला काकाकडे गेला. पुढे तिथल्याच एका शाळेत शिक्षक झाला, लग्न केलं, घर घेतलं. गणपतीला यायचा, दिवाळीला यायचा, पाया पडायचा. पण बोलणं?

"सुनीती, त्याला म्हणावं, गाडीचे टायर गुळगुळीत झालेत."

"आई, बाबांना विचार, त्यांचं ब्लडप्रेशर काय म्हणतंय."

दोघंही एकाच खोलीत, एकाच सोफ्यावर, आणि दोघंही मराठीच बोलत असत, तरी मधे दुभाषी लागायची. सुनीती मुकाट्याने इकडचं वाक्य तिकडे करायची. सुरुवातीला तिला वाटलं, महिन्या-दोन महिन्यांत निवळेल. मग वाटलं, लग्नात निवळेल. लग्नात राजीव तिला म्हणाला, "आई, बाबांना सांग, फोटोसाठी जरा इकडे सरका." त्या रात्री ती रडली होती, आणि ते कुणाला कळलं नव्हतं.

त्यात ही निवडणूक आली आणि सुनीतीची वेगळीच पंचाईत झाली. चंद्रशेखरांनी मागच्या रविवारी पेपरातून डोकं वर काढून विचारलं, "आपलं नेहमीचंच ना?" ती म्हणाली, "हो, दुसरं काय." राजीवने फोनवर विचारलं, "आई, या वेळी तरी?" ती म्हणाली, "अरे, तुलाच. तुला सोडून कुणाला देणार?" यात आपण काही खोटं बोललो असं तिला वाटलं नाही. मागायला आलेल्या माणसाच्या तोंडावर नाही म्हणायचं नसतं, एवढंच तिला ठाऊक होतं. हो म्हणायचं, पाणी विचारायचं, बसा म्हणायचं. मत काय, ते नंतरचं नंतर.

मत ही वस्तू तिला मिळाली तीच मुळी इथे. भारतात बासष्टच्या निवडणुकीला वय भरत नव्हतं, सदुसष्टची आली तेव्हा ती चार वर्षांच्या राजीवला घेऊन हीथ्रोवर उतरली होती. सत्तरमध्ये तिने आयुष्यातलं पहिलं मत टाकलं, ते इंग्लंडच्या पार्लमेंटसाठी, आणि पर्समध्ये पासपोर्ट भारताचा. तिला वाटलं होतं, कुणीतरी दारात अडवणार. कुणी अडवलं नाही. कॉमनवेल्थच्या माणसाला इथे मत असतं, हे चंद्रशेखरांनी आधीच समजावलं होतं. आणखीही एक समजावलं होतं, ते तिच्या मनात पक्कं बसलं. "आत लाकडी आडोसा असतो," ते म्हणाले होते, "त्यात दोरीला बांधलेली पेन्सिल असते. आपल्याला हवं तिथं फुली मारायची आणि घडी घालून पेटीत टाकायची. कुणाला दाखवायचं नाही. मलासुद्धा नाही. हीच तर या देशाची मजा आहे."

मलासुद्धा नाही, हे ते बोलून गेले आणि विसरले. सुनीती विसरली नाही.

सत्तरला तिने नवऱ्याच्या पक्षालाच दिलं, कारण दुसऱ्या कुणाची माहिती नव्हती. चौऱ्याहत्तरला दोनदा मतदान झालं, पहिल्यांदा वीज जाऊन-येऊन होती म्हणून रागाने एकाला दिलं, आणि दुसऱ्यांदा राग उतरला म्हणून दुसऱ्याला. एकोणऐंशीला पंतप्रधानपदासाठी बाई उभी राहिली, म्हणून बाईला दिलं. बाई पुढे कशी निघेल हे त्या आडोशात दिसत नसतं. त्र्याऐंशीला बाई नको आणि लेबरचा तो पांढऱ्या केसांचा म्हातारा भला वाटला तरी त्याच्याच्याने होईलसं वाटेना, म्हणून मधल्या तिसऱ्या पक्षाला. आणि सत्त्याऐंशीला राजीवच्या पायाचे फोड आठवून तिने त्याच्या पक्षासमोर फुली मारली होती, पेन्सिल जरा जास्तच दाबून. दुसऱ्या दिवशी तो घर सोडून गेला. घरात त्या दिवशी आपल्या बाजूने कुणी नव्हतं, असंच तो आजवर धरून चालला होता.

बाराच्या सुमाराला माधवची गाडी आली. माधव म्हणजे चंद्रशेखरांचा धाकटा भाऊ, हीथ्रोवर कार्गोत सुपरवायझर, युनियनचा जुना माणूस. गेटातून आत येतानाच त्याने वर बघितलं आणि ओरडला, "वहिनी! दादाने पक्ष बदलला की काय?"

"कसला पक्ष भावजी, आत या आधी."

मागून राजीव आणि त्याची बायको शिल्पा. शिल्पा इथलीच, लेस्टरला जन्मलेली. सासूशी मराठीतच बोलायचं, हा तिचा हट्ट होता. "आई, तुमचा गुढी किती सुंदर दिसतो," ती म्हणाली आणि वाकून पाया पडली. सुनीतीने तिला जवळ घेतलं. चुका काढणारी माणसं घरात आणखी होती, तिची गरज नव्हती.

राजीव बाबांच्याही पाया पडला. चंद्रशेखरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि सुनीतीला म्हणाले, "वाळलाय हा. शाळेत जेवतो की नाही, विचार."

"आई, सांग, जेवतो."

माधवने सुनीतीकडे बघून भुवया उडवल्या. तिने नजर चुकवली आणि पानं घ्यायला गेली.

श्रीखंड, पुरी, बटाट्याची भाजी, कैरीची डाळ. कैरी म्हणजे ब्रॅमली सफरचंद, आंबट असतं आणि किसलं की ओळखू येत नाही. पहिल्या दोन पुऱ्यांपर्यंत गप्पा हवेवर आणि मेट्रोपॉलिटन लाइनच्या बंद गाड्यांवर राहिल्या. तिसऱ्या पुरीला माधवच्याने राहवलं नाही.

"काय दादा, तुझं हॉस्पिटल ट्रस्ट होणार म्हणे?"

"होऊ घातलंय. खर्चाचा हिशेब म्हणे आता आमचा आम्हीच ठेवायचा. काल एक मॅनेजर आला होता, राजीवपेक्षा लहान. मला विचारतो, एका म्हाताऱ्यामागे तुम्हाला सरासरी किती मिनिटं लागतात? म्हटलं, तुझी आजी घेऊन ये, सांगतो."

"आणि हा मॅनेजर पाठवला कुणाच्या सरकारने?"

"माधव, जेव."

"नाही, मी आपलं विचारतो. सोमवार ते शुक्रवार त्यांना शिव्या द्यायच्या आणि गुरुवारी मत द्यायचं. गुरुवार सोमवार-शुक्रवारच्या मधेच येतो ना रे राजीव?"

राजीव हसला, पण ताटाकडे बघून. "आई," तो म्हणाला, "बाबांना विचार, तुझ्या मैत्रिणीला गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी किती दिवस थांबावं लागतंय."

"सुनीती, त्याला म्हणावं, अडुसष्टला केनियातून ब्रिटिश पासपोर्टवाली आपली माणसं येत होती, तेव्हा दार कुणी लावलं ते इतिहासात शिकवतो का शाळेत? त्याच्याच पक्षाने लावलं. तीन दिवसांत कायदा. त्या आठवड्यात मी ठरवलं."

"आई, सांग, की दहा वर्षांनी टीव्हीवर बाबांच्या पक्षाच्या कुठल्या बाईला भीती वाटत होती, आपल्यामुळे हा देश बुडेल म्हणून? ते तर बाबांनी ऐकलंच असेल. आणि पुढच्याच वर्षी त्यांनाच मत दिलं."

सुनीती मान इकडून तिकडे फिरवत होती. दोघांचंही तिला पटत होतं, हीच तर अडचण होती. दोन्ही पक्षांनी दार लावलं होतं, दोन्ही पक्षांची माणसं तिच्या दारात आली होती. एकाचा खरेपणा दुसऱ्याचा खोटेपणा दाखवून सिद्ध होत नाही, एवढं तिला टीव्ही बघून बघून कळलं होतं. पण ते या टेबलावर सांगणार कुणाला? "पुरी घ्या," ती म्हणाली.

बेल वाजली.

चंद्रशेखर दाराकडे होते, तेच उठले. बाहेर एक गोरी बाई, साठीची, पावसाळी कोटावर मोठा पिवळा बिल्ला. आवाज स्वच्छ होता, जेवणाच्या टेबलापर्यंत एकूण एक शब्द येत होता. त्रास देतेय त्याबद्दल क्षमस्व, म्हणाली. पण तुमच्या खिडकीतलं ते पिवळं निशाण बघून राहवलं नाही. आख्ख्या रस्त्यात लिबरल डेमोक्रॅट्ससाठी इतकं सुंदर काही कुणी लावलेलं नाही, वर तो चषकसुद्धा! मिसेस आहेत का घरात? त्यांनी मंगळवारी शब्द दिला होता, मत आम्हालाच म्हणून. चहासुद्धा पाजला. गुरुवारी त्यांना न्यायला गाडी पाठवू का?

माधवने चमचा खाली ठेवला.

"गाडी नको," चंद्रशेखरांचा आवाज आला, फार सभ्य. "आम्ही चालत जातो. थँक्यू."

ते परत आले. बसले नाहीत, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

"सुनीती. मंगळवारी तू त्या बाईला शब्द दिलास?"

"अहो, पाऊस होता. दारात उभी होती बिचारी."

"आणि रविवारी मला काय म्हणालीस?"

"आई!" राजीवने पुरी खाली ठेवली. "मला फोनवर काय म्हणालीस? तुलाच, असं म्हणालीस ना?"

"ए, थांबा," माधवचा चेहरा फुलला होता, "वहिनी, परवा मला म्हणालात की भावजी, तुमच्या युनियनकडे बघून तरी द्यायलाच हवं!"

"म्हटलं असेन."

"बरं झालं, ग्रीन पक्षवाल्यांचं कुणी आलं नाही," माधव म्हणाला.

सुनीतीने पुऱ्यांची ताटली सरळ केली. मग म्हणाली, "आला होता. सायकलवरून. भिजून चिंब झाला होता हो तो."

माधव टेबलावर डोकं ठेवून हसायला लागला. शिल्पाने तोंडावर नॅपकिन धरला. "ओ माय गॉड, आई, तुम्ही सगळ्यांना यस म्हणालात?"

"मग दारात आलेल्याला काय सांगायचं? चालते व्हा?"

पण बापलेक हसत नव्हते. दोघंही तिच्याकडेच बघत होते, आणि दोघांच्या कपाळाला मधोमध तीच एक आठी. इतक्या वर्षांत सुनीतीने ती दोन कपाळांवर एकदम पाहिली नव्हती.

"ठीक आहे," चंद्रशेखर म्हणाले, "बोलायला काय, बोललीस. पण टाकलंस कुणाला? सत्त्याऐंशीला?"

"हो आई," राजीव म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम खाली आला. "एटी-सेवनला कुणाला दिलंस?"

हसणं थांबलं. उत्तर तर सुनीतीच्या जिभेवर होतं. राजीवला ते हवं होतं, पाच वर्षं हवं होतं, हे त्याच्या डोळ्यांत तिला दिसलं. पण ते सांगितलं की हा माणूस, जो सत्तर सालापासून तिच्या बरोबरीने चालत मतदानाला गेला, याच टेबलावर एकटा पडणार. मुलगा जिंकणार, बाप हरणार, आणि त्या दोघांमधल्या दाराला कुलूप तिच्याच हाताने कायमचं लागणार. आणि उलट सांगितलं तर ते खोटं, आणि राजीव पुन्हा निघून जाणार, या वेळी बॅगा न भरताच.

"नाही सांगणार," ती म्हणाली.

ती नाही म्हणाली, हे आधी कुणाला समजलंच नाही.

"म्हणजे?" चंद्रशेखर म्हणाले. "नवऱ्याला नाही सांगणार?"

"नवऱ्याला नाही. मुलालाही नाही."

"अगं, पण का?"

"तुम्हीच शिकवलंत. सत्तर साली, या इथंच बसून. कुणाला दाखवायचं नाही म्हणालात, मलासुद्धा नाही म्हणालात. माझं कपाट तुम्ही उघडता, माझा फोन चालू असताना हा मागून बोलतो, मी कधी काही म्हटलं? तुम्हा दोघांचे निरोप पोचवता पोचवता माझं स्वतःचं बोलणं राहूनच गेलंय. एवढं एक मी माझ्यापाशी ठेवलंय. ते काही मी टेबलावर मांडणार नाही." एवढं बोलल्याची तिची तिलाच लाज वाटली, म्हणून ती पुऱ्या तळायला उठली. ताटलीत पुऱ्या ढिगाने होत्या.

स्वयंपाकघरात तिने गॅस पेटवला नाही. ओट्याला टेकून उभी राहिली. वाटलं, घातला घोळ. आता हा जेवण अर्धवट टाकून जाणार.

बाहेर खुर्ची सरकली. मग चंद्रशेखरांचा आवाज आला.

"तुमच्याकडेच गेली असणार ती. तुझ्याकडे. आईचं काळीज."

"छे, बाबा. ती तुम्हाला सोडून कुठं जाणार? एकाच वेळी चालत जाता तुम्ही दोघं."

"चालत एकत्र जातो. आत आडोसे वेगळे असतात."

"त्र्याऐंशीला पण?"

"आता मला त्र्याऐंशीचीही खात्री वाटेना."

सुनीतीने कान दिला. बोलत होते. मधे कुणी नव्हतं आणि दोघं बोलत होते, आणि ते बोलतायत हे त्या दोघांच्या लक्षातही आलं नव्हतं. दारात माधव येऊन उभा राहिला, रिकामी वाटी पुढे धरून. डोळे मिचकावून हळूच म्हणाला, "वहिनी, श्रीखंड. आणि आणखी एक तास बाहेर येऊ नका."

संध्याकाळी गुढी उतरवली. निघताना राजीव गाडीपाशी मागे रेंगाळला. "आई, फक्त मला सांग. एटी-सेवनचं. मी बाबांना नाही सांगणार, शपथ."

त्याची कॉलर तिने सारखी केली. आत्ता सांगितलं तर? एक शब्द. पाच वर्षांचं त्याच्या मनातलं निघून जाईल. आणि पुढच्या वेळी भांडण झालं की तो पहिलं वाक्य हेच बोलेल, तिला ठाऊक होतं. शपथा घेऊनही तो हेच करेल. बापावर गेला होता.

"सावकाश चालवायला सांग काकाला," ती म्हणाली.

गुरुवारी दोघं नेहमीसारखी मतदानाला चालत गेली. शाळेच्या दारात तीन रंगांचे बिल्ले लावून तीन माणसं खुर्च्या टाकून बसली होती. तिघांनी मतदारयादीतला नंबर विचारला, सुनीतीने तिघांनाही सांगितला आणि तिघांकडे बघून हसली. चंद्रशेखर त्या हसण्याकडे डॉक्टरच्या नजरेने बघत होते. आडोशाशी ते क्षणभर थबकले. मग स्वतःच मान वळवून पलीकडच्या आडोशात गेले. ते तिला आवडलं.

आत पेन्सिल होती, दोरीला बांधलेली. कागदावर चार नावं. चौघांनाही हो म्हटलेलं होतं. तिला वाटलं, मोठमोठ्या माणसांनी महिनाभर बोलून बोलून घसा बसवला, तो एवढ्याशा फळकुटाच्या आड उभी राहणारी आपण काय करणार या भीतीने. आणि आपल्याला तरी काय ठाऊक असतं? कोण कर वाढवेल, कोण गुडघे लवकर बदलून देईल, हे कुणी खरं सांगत नाही. त्यांनी आपल्याला हो म्हणायचं, आपण त्यांना हो म्हणायचं. मग तिने मैत्रिणीच्या गुडघ्याचा विचार केला, नवऱ्याच्या त्या लहानग्या मॅनेजरचा केला, हाउन्सलोतल्या गळक्या वर्गांचा केला, आणि फुली मारली. कुणासमोर, ते तिने कधीच कुणाला सांगितलं नाही, तेव्हा इथे लिहायचाही प्रश्न नाही.

शुक्रवारी सकाळी ती उठली तेव्हा खाली टीव्ही चालू होता. चंद्रशेखरांचा पक्ष पुन्हा आला होता, जेमतेम, पण आला होता. आधी लोकांना विचारून अंदाज बांधणारे पोलवाले सगळे तोंडघशी पडले होते. टाय लावलेले विद्वान रात्रभर जागून तांबारलेल्या डोळ्यांनी म्हणत होते की विचारलं तेव्हा लोकांनी एक सांगितलं आणि केलं भलतंच. असं का वागली माणसं, याचा शोध घ्यावा लागेल. जिन्यात उभ्या राहून सुनीतीने ते ऐकलं. त्यात शोधण्यासारखं काय होतं, ते तिला कळलं नाही.

जिंकलेला माणूस काही खूष दिसत नव्हता. तो सोफ्यावर बसून होता. मग त्याने फोन ओढला आणि नंबर फिरवला. पाठ नव्हता, भिंतीवरचा कागद बघून फिरवला.

"राजीव? हं, मी. नाही, आई झोपलीय. मीच केलाय." थोडं थांबून, "हो, लागला. बॅड लक. वाईट वाटलं असेल तुला... नाही, मनापासून म्हणतोय." मग बराच वेळ नुसतं हं हं. आणि मग आवाज एकदम खाली आला, "मी काय म्हणतो, तुला काय वाटतं, तिने या वेळी कुणाला दिलं असेल? ...नाही रे, तसं नाही. ती शाळेच्या दारात त्या पिवळ्याकडे बघूनही हसली."

पलीकडून राजीव काहीतरी बोलला आणि चंद्रशेखर हसले. मोठ्याने, खांदे हलवत.

सुनीती जिन्यावर खाली बसली. काल रात्री तिने ठरवलं होतं, झालं गेलं, निदान सत्त्याऐंशीचं राजीवला फोन करून सांगून टाकावं. त्याला कळायला हवं होतं की त्या दिवशी त्या टेबलावर एक माणूस त्याच्या बाजूने होतं. आता ते सांगता येणार नव्हतं. आज नाही, पुढच्या रविवारी नाही, कधीच नाही. सांगितलं की या दोघांना एकमेकांशी बोलायला काही उरणार नव्हतं. डोळे भरून आले ते तिने पदराने पुसले, आणि ते आनंदाने आले की दुःखाने, हे तिने स्वतःलाही विचारलं नाही.

ती उठून खाली आली. चंद्रशेखरांनी दचकून रिसीव्हरवर हात ठेवला.

"तो विचारतोय," ते सवयीने म्हणाले, "रविवारी दोघं येऊ का? दुपारी. त्याला काय सांगू?"

"मला काय विचारता?" सुनीती म्हणाली. "तुम्हीच सांगा त्याला."